पाटावर बसले तर मी खोटी का?

प्रश्न : माझं वय २८. गाव सातारा जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. जोडीदार मीच निवडला आणि तो दोन्ही घरांना पसंत आहे. अडलंय ते लग्न कसं लावायचं यावर. माझा विधींवर विश्वास नाही, कन्यादान तर मुळीच नको. नोंदणी करून चार माणसांत जेवण, एवढंच हवंय. आई रडते, 'आजी आहे तोवर तरी नीट कर' म्हणते. होणारा नवरा म्हणतो, दोन तासांचा तर प्रश्न आहे, उभी राहा. आणि जवळची मैत्रीण म्हणाली, तुला फक्त वेगळं दिसायचंय. ते वाक्य डोक्यातून जात नाही. मी पाटावर बसले तर खोटी ठरते का? आणि नाही बसले, तर ती तरी खरी मीच का?

उत्तर : मैत्रिणीच्या वाक्यापासून सुरुवात करते. आईच्या रडण्याला तुझ्याकडे उत्तर आहे, भलेही ते तिला पटत नसेल. मैत्रिणीच्या वाक्याला नाही. म्हणून तर हे पत्र आलं.

लग्नाआधीचं समुपदेशन हे माझं वर्षानुवर्षांचं काम. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांचं बहुतेक वेळा पैशावरून किंवा राहायचं कुठे यावरून बिनसलेलं असतं. पण तुळशीचं लग्न होऊन मुहूर्त सुरू झाले, की 'लग्न लावायचं कसं' यावर अडलेली जोडपी हटकून येतात. त्यांच्यात जो 'नको' म्हणतो, त्याला घरचे दोनच गोष्टी ऐकवतात. तुला कुणीतरी भरवलंय, नाहीतर तुला वेगळं दिसायचंय. म्हणजे काय, तर हे तुझं नाही. गंमत अशी, की 'हो' म्हणणाऱ्याला हे कुणी विचारत नाही. जन्मात एकदाही विचार न करता ज्याने मुंडावळ्या बांधल्या, त्याला 'हे खरंच तुझं का रे' असं विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सिद्ध करायचं ओझं नेहमी वेगळं वागणाऱ्याच्या डोक्यावर. हा अन्याय आहे आणि तो तुझ्या लग्नापर्यंत काही मिटणार नाही, तेव्हा त्यावर चिडण्यात शक्ती घालवू नकोस.

तरी मैत्रिणीचा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. त्यासाठी एका मुलाबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वडील गावातले मानकरी, देवस्थानच्या कमिटीवर. या पठ्ठ्याने मुंजीनंतर वर्षाच्या आत जानवं काढलं, पुढे इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं, घरात अंडं चालत नव्हतं तर मटण खायला लागला. लग्न नोंदणीने केलं आणि त्या दिवशी मुद्दाम काळा शर्ट घालून गेला. हे सगळं माझं, मी कमावलेलं, असं तो अभिमानाने सांगे. मग वडिलांना झटका आला. त्यातून उठल्यावर माणूस मऊ पडला. याला मुलगी झाली, बारशाचा विषय निघाला, याने सवयीने दंड थोपटले, तर वडील म्हणाले, 'तुम्हाला हवं तसं करा, मी येईन.' आणि हा गडबडला. बारसं करायचं की नाही हे त्याला ठरवताच येईना. चार दिवस बायकोशी विनाकारण भांडला आणि मग माझ्याकडे आला. म्हणाला, 'मॅडम, मला काय हवंय तेच मला माहीत नाही.' वडिलांचं मत समोर आल्याशिवाय त्याचं मत तयारच होत नव्हतं. आज्ञाधारक मुलगा जेवढा बापाच्या मुठीत असतो, तेवढाच हाही होता.

याला मानसशास्त्रात नाव आहे, 'रिअ‍ॅक्टन्स'. मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये मांडलं, की माणसाला आपलं स्वातंत्र्य कुणी हिरावतंय असं वाटलं, की नेमकी तीच नाकारलेली गोष्ट त्याला जास्त हवीशी वाटू लागते. त्यात गैर काही नाही, मन स्वतःला राखायला धडपडतं. पण त्या भरात वाटलेली ओढ आणि मुळातली आवड यांत फरक करता आला पाहिजे. मनोविश्लेषक एरिक एरिक्सन तर पुढे जाऊन म्हणाले, की काही तरुणांची अख्खी ओळखच 'घरच्यांना जे नको ते मी' अशी उभी राहते. हे एरिक्सन स्वतः वेगळंच प्रकरण होतं. जन्मदाता बाप कोण हे त्यांना कधी नीट कळलं नाही, वाढले ते सावत्र वडिलांचं होमबर्गर हे आडनाव लावून, आणि १९३९ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्यांनी 'एरिक्सन' हे आडनाव धारण केलं. माणसाच्या ओळखीवर आयुष्यभर लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव स्वतःच ठेवून घेतलं.

दुसऱ्या टोकाला उसनी ओळख. जेम्स मार्सिया यांनी, तेही १९६६ मध्येच, तरुणांच्या मुलाखती घेऊन पाहिलं, की काहींची मतं ठाम असतात पण त्यांनी ती कधी तपासलेलीच नसतात. आईवडिलांनी दिली, यांनी घेतली. बाहेरून ही मुलं शांत, समाधानी दिसतात. तुझा होणारा नवरा त्यांतला असेल असं मी म्हणत नाही, पण त्याच्याकडे मला पुढे यायचंच आहे.

आता तुझ्यापुरती परीक्षा. समज, उद्या सकाळी आईचा फोन आला. 'बाई, तुझं तू कर, आम्ही काही म्हणणार नाही.' आजीही हसून हो म्हणाली. मैत्रिणीला यातलं काही कळणार नाही, फोटो कुठे टाकायचे नाहीत, ऑफिसात कुणी विचारणार नाही. आता सांग, काय हवं?

याचं उत्तर मोघम देऊ नकोस. 'विधी नकोत' हे मोघमच आहे. कागद घे आणि तुमच्याकडे जे जे होतं ते एकेक लिहून काढ. साखरपुडा, देवक, हळद, चुडा, सीमांतपूजन, गौरीहर, अंतरपाट, मंगलाष्टका, कन्यादान, मंगळसूत्र, होम, सप्तपदी, कानपिळी, गृहप्रवेश, सत्यनारायण, जागरण-गोंधळ. प्रत्येकापुढे 'हवं', 'चालेल' किंवा 'नको' लिही. 'नको' असेल तर का, तेही लिही. मी हे प्रत्येक जोडप्याला करायला लावते आणि बहुतेकांचा कागद त्यांनाच चकित करतो. एक मुलगी सगळ्यापुढे तावातावाने 'नको' लिहीत गेली आणि चुड्यापाशी थबकली. तिच्या चार आत्या, दोन मावश्या मिळून कासाराला घरी बोलावतात, तो हात दाबून दाबून हिरव्या बांगड्या चढवतो, एखादी फुटते, सगळ्या जणी खिदळतात. तिला ते हवं होतं. धर्माशी तिचा काही संबंध नव्हता, आत्यांशी होता. दुसरीचं बरोब्बर उलट झालं. तिला वाटत होतं सगळंच चालेल, पण सीमांतपूजनात आपले वडील जावयाचे पाय धुणार या ओळीवर तिचा हात थांबला. तिच्या वडिलांचे गुडघे गेलेले आहेत. त्यांना ती खाली वाकू देणार नव्हती. सगळ्या लग्नात तिचं म्हणून जे काही 'नाही' होतं ते तेवढं एक होतं, आणि ते तिने शेवटपर्यंत सोडलं नाही.

तुझ्या पत्रात 'कन्यादान तर मुळीच नको' असं वेगळं लिहिलंयस. तिथे काहीतरी आहे. बाकीचं 'नको' तू विचार करून ठरवलेलं दिसतं, हे आतून आलेलं वाटतं. तुकोबांनी बहुमत मानलं नाही, पण त्याच्या जागी मनाला साक्षीला बसवलं. तुझी साक्ष कशावर होते आणि कशावर नाही, एवढंच त्या कागदावर शोधायचंय. 'खरी मी' म्हणून आत कुठे पुरून ठेवलेली तयार वस्तू असेल आणि खणल्यावर हाती लागेल, असं मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नाही. दिसतं ते असं, की माणूस एखाद्या जागी पाय रोवतो, त्याची किंमत मोजतो, आणि मोजल्यावरही ती जागा आपलीच वाटली तर मग ती त्याची होते. न मोजता कळत नाही.

खोटेपणाबद्दल. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडातले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. 'खरा स्व' आणि 'खोटा स्व' या शब्दांची जोडी १९६० मध्ये त्यांनी रुळवली. लोकांनी त्यातून उचललं ते एवढंच, की मुखवटा वाईट. विनिकॉट असं म्हणत नव्हते. त्यांच्या मते या खोट्या स्वाच्या पायऱ्या आहेत. एका टोकाला साधा शिष्टाचार असतो, जो निरोगी माणसाकडे असायलाच हवा, आणि दुसऱ्या टोकाला अशी अवस्था, जिथे माणसाला आपल्या आत काही उरलंय हेच विसरायला होतं. आजीने दिलेलं नारळ-ब्लाउजपीस विश्वास नसताना पदरात घेतेस ना? ते खोटं वागणं नाही. त्यामुळे पाटावर बसलीस तर आपोआप खोटी ठरत नाहीस. कशासाठी बसलीस आणि त्याची किंमत कुणी मोजली, यावर ते ठरतं.

किंमत कुणी मोजली, हा प्रश्न मला न्यायमूर्ती रानड्यांनी शिकवला, म्हणजे त्यांच्या उदाहरणाने. विधवांच्या पुनर्विवाहाच्या चळवळीतला हा अग्रणी माणूस. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारली. हा आता विधवेशी लग्न करणार या धास्तीने वडिलांनी घाईने स्थळ पाहिलं आणि एकतीस वर्षांच्या रानड्यांचं लग्न अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लागलं. रानड्यांनी विरोध केला होता, विनवण्या केल्या होत्या, वडील हटले नाहीत, शेवटी मुलगा वाकला. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकवलं, रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं, हे सगळं खरं. त्या मोठेपणाला मी कमी लेखत नाही. पण लोक रानड्यांना नावं ठेवतात ती 'बोलले तसं वागले नाहीत' म्हणून. मला ते दुय्यम वाटतं. वडिलांचं मन राखण्याची किंमत रानड्यांनी एकट्याने मोजली नाही. ती एका अकरा वर्षांच्या मुलीने मोजली आणि त्यांच्याकडे आशेने पाहणाऱ्या विधवांनी मोजली. त्या तडजोडीतलं खुपणारं जर काही असेल, तर ते हे.

आणि याच १८७३ च्या २५ डिसेंबरला, याच पुण्यात, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचं लग्न भटजीशिवाय लागलं. जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला होता २४ सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांत हे पहिलं सत्यशोधक लग्न. आपल्याकडे बंडखोरी म्हटलं की मोडतोडच डोळ्यांपुढे येते, म्हणून हे जरा सावकाश सांगते. जोतीरावांनी मंगलाष्टका काढून टाकल्या नाहीत. त्यांनी नव्या लिहिल्या, मराठीत, आणि त्या वधूवरांच्या तोंडी घातल्या. त्यांत वधू बायकांच्या हक्काचं मागणं मागते आणि वर ते देण्याचं वचन देतो. अक्षता पडतात, टाळ्या होतात, गावाला लग्न लागल्यासारखं वाटतं. आशय मात्र पुरता बदललेला. लोकांना सोडवत नाही ते लग्नाचं रूप त्यांनी ठेवलं आणि स्वतःला सोसवत नव्हतं ते काढलं. त्याचीही किंमत होतीच. पुढच्या काळात ओतूरला भटजीला न बोलावता लग्न लावल्यावर तिथल्या जोशांनी, म्हणजे गावच्या वतनदार भटजींनी, कोर्टात दावा लावला, की आम्हाला बोलावलं नाही तरी आमची दक्षिणा द्या. म्हणजे तू नाकारलेल्या सेवेचंही बिल. जोतीराव त्या लोकांच्या पाठीशी उभे राहिले.

पुण्यातलं तिसरंही उदाहरण सांगायचा मोह आवरत नाही. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला पुण्याची बडी मंडळी जमली. रानडे होते, टिळक होते. चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी घेतली, कुणी नुसती हाती धरून ठेवली. गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणवली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे धर्म बुडवला म्हणून वाळीत टाकण्याचं भांडण, पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. या गोपाळरावांनीच बायकोला अमेरिकेला पाठवून डॉक्टर केलं होतं, तेव्हा त्यांना नुसता काड्या घालणारा माणूस म्हणता येत नाही. पण त्या दिवशी त्यांना हवं तरी काय होतं? मला वाटतं, सगळ्यांची फजिती पाहायची होती. सुधारकांचीही आणि सनातन्यांचीही. मैत्रीण तुला जे म्हणाली त्याचं शुद्ध रूप हे. तुझ्या पत्रात मला हे कुठे दिसलं नाही. ज्याला फक्त वेगळं दिसायचं असतं तो 'चार माणसांत जेवण' मागत नाही. त्याला चारशे माणसं बघायला हवी असतात.

कायद्याचं थोडं सविस्तर, कारण इथे पोरं फार गोंधळ घालतात. 'कोर्ट मॅरेज' हा शब्द सगळ्याला सरसकट वापरतात. हिंदू विवाह कायदा, १९५५, याखाली नोंदणी म्हणजे विधीने झालेल्या लग्नाची नोंद. विधी झालाच नसेल तर नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. तेव्हा विधी अजिबात नकोत असं ठरलं तर तुमचा रस्ता विशेष विवाह कायदा, १९५४ हा. तुमच्यापैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती कार्यालयात लावली जाते, ३० दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं. मुदत टळली तर पुन्हा पहिल्यापासून. तीन साक्षीदार लागतात. हरकत कुणीही घेऊ शकतो, पण ती वय, आधीचं लग्न, निषिद्ध नातं, मानसिक अक्षमता अशा कायद्यातल्या कारणांवरच. 'आम्हाला विचारलं नाही' ही हरकत होत नाही. दोघं हिंदू असाल तर वारसाहक्काला तुम्हाला हिंदूंचाच कायदा लागू राहतो, हेही घरी सांग. आईवडिलांच्या मनात पुष्कळदा ती भीती असते आणि ते बोलून दाखवत नाहीत.

याचा पूर्वज १८७२ चा कायदा. त्याखाली लग्न करायचं तर लिहून द्यावं लागे, की मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, ज्यू नाही, बौद्ध, शीख, जैन नाही. १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्यापुरती ती अट सैल झाली, १९५४ च्या कायद्यात ती उरलीच नाही. म्हणजे पन्नास वर्षं असं होतं, की आपल्या पद्धतीने लग्न करायचं तर आधी आपण कोण कोण नाही याच्यावर सही करा. तो काळा शर्टवाला मुलगा अजून त्याच कायद्याखाली जगत होता म्हण.

आत्ताच्या कायद्यातलं बारावं कलम मला फार आवडतं. ते म्हणतं, लग्न तुम्हाला हव्या त्या पद्धतीने लावा. फक्त दोघांनी अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर, कळेल अशा भाषेत, एकेक वाक्य म्हणायचं, की मी अमुक, तुला माझा कायदेशीर पती, किंवा पत्नी, म्हणून स्वीकारते. ते वाक्य म्हटल्याशिवाय लग्न पुरं होत नाही, आणि ते म्हटलं की दुसरा कुठला विधी लागत नाही. जादा शुल्क भरून अधिकाऱ्याला वाजवी अंतरावरच्या मंगल कार्यालयातही बोलावता येतं. मी एकदा साक्षीदार म्हणून गेले होते. नवरीने स्वतः लिहिलेली दोन पानी सनद आणली होती, समतेबद्दल वगैरे, चांगली होती. लाकडी टेबल, खाली स्टॅम्प पॅड, मागे पंख्याची घरघर. ती हे वाक्य पुटपुटली तशी क्लार्कबाई रजिस्टरवरून मान वर न करता म्हणाल्या, 'मोठ्याने म्हणा, साक्षीदारांना ऐकू आलं पाहिजे.' तिने पुन्हा म्हटलं. सनद तिने नंतर जेवणाच्या वेळी वाचली.

मधला मार्गही आहे. विधी हवेत पण कन्यादान नको, असं ठरलं तर कायदा आड येत नाही. हिंदू विवाहाला कन्यादान आवश्यक नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्येच म्हटलंय. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या स्त्री-पुरोहित मंत्रांचा अर्थ मराठीत सांगत लग्न लावतात. सत्यशोधक पद्धतीची लग्नं आजही होतात, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते ती लावून देतात, आणि त्यांत अक्षता (किंवा फुलं), मंगलाष्टका, हार असं आजीच्या ओळखीचं बरंच काही असतं. आजीला लग्न 'दिसायला' हवं असेल तर ते असं दाखवता येतं. पण आजीला नेमकं काय हवंय हे तू तिला विचारलंयस का? तुझ्या पत्रात आजीचं म्हणणं आईच्या तोंडून आलंय. मी पाहिलेल्या कितीतरी घरांत आजीचं नाव पुढे करून भीती आईच बोलत असते, आणि ती बहुधा भावकीची असते. 'पोरीचं लग्न चोरून उरकलं' असं चारचौघांत कुणी म्हटलं तर तिथे आईला उभं राहायचंय, तुला नाही. तू पुण्यात असशील. तुझ्या नकाराची किंमत मोजणारी ती एक आहे, हे मान्य कर आणि तिच्यासमोर बोलून दाखव. त्याने तुझा नकार मागे घ्यावा लागत नाही. मात्र तिला काय देता येईल हे पाहता येतं. गावात मोठं जेवण, सगळ्यांना रीतसर पत्रिका, मानपान. चार माणसांचं जेवण चारशेंचं झालं तर तुझं कुठलं तत्त्व मोडतं? खर्चाचं तत्त्व असेल तर तसं सांग, पण मग ते कागदावर 'का' च्या रकान्यात लिहिलेलं असू दे.

आई दुखावेल. दुखावणं आणि नुकसान होणं या दोन गोष्टी आहेत, आणि या दोन्हींत गल्लत करून मुली एकतर सगळं सोसतात किंवा सगळं तोडतात. दुखावलेली आई वर्षभरात येते. बहुतेक.

आता तुझा होणारा नवरा. खरं सांगायचं तर तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ मैत्रिणीची नाही, त्याची आहे. 'दोन तासांचा तर प्रश्न आहे.' हे वाक्य बोलणारा माणूस वाईट नसतो, त्याला कटकट नको असते. पण दोन तास तुझे आहेत. कन्यादानात दिली जाणार आहेस तू, घेणार आहे तो. जो घेणार त्याला ते किरकोळच वाटणार.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचा १९५१ सालचा प्रयोग तू कुठेतरी वाचला असशील. कार्डावर एक रेघ, शेजारच्या कार्डावर तीन रेघा, कोणती तेवढ्याच लांबीची ते सांगायचं. अगदी शेंबडं पोरही सांगेल. पण खोलीतले बाकी सगळे आधीच सामील केलेले, ते एकसुरात चुकीचं उत्तर देत. अशा वेळी सुमारे तीन चतुर्थांश माणसं निदान एकदा तरी गटाबरोबर चुकीचं बोलली, आणि एकूण उत्तरांतली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक चुकली. हे सगळे सांगतात. पुढचं फार थोडे सांगतात. गटातल्या एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी वाहून जाण्याचं प्रमाण आधीच्या जवळपास चौथ्या हिश्श्यावर आलं. आणि तो एक जण चुकीचं पण गटापेक्षा वेगळं बोलला, तरी समोरच्याची भीड चेपली. म्हणजे तो तुझ्या बाजूचाच असला पाहिजे असं नाही. सगळे एकसुरात बोलत नाहीत, एवढं दिसलं तरी पुरतं.

तेव्हा त्याने नास्तिक व्हायची गरज नाही. त्याला विधी आवडत असतील तर आवडू देत. त्याने बैठकीत, तुझ्या आणि त्याच्या वडीलधाऱ्यांसमोर, आपल्या तोंडाने एवढं म्हणायचंय, की मला बाकी चालतं, पण कन्यादान हिला नको तर मलाही नको. हे त्याच्या वतीने तुला वकिलासारखं मांडता येणार नाही आणि तुझ्या आईला तर नाहीच. मुलाकडचा माणूस बोलला की मुलीकडचे ऐकतात, ही आपल्याकडची रीत मला मान्य नाही, पण या वेळी तिचा उपयोग करून घ्यायला माझी हरकत नाही. तो हे म्हणाला, तर तुझ्या यादीतल्या 'चालेल' मधल्या पुष्कळ गोष्टी तू हसत करशील, आणि त्यात खोटं वाटणार नाही. नाही म्हणाला, तर तुमच्यापुढचा प्रश्न विधींचा नाही. मग नोटीस, मुहूर्त, हॉलची इसार, सगळं थांबवून दोघं मिळून माझ्याकडे किंवा तुमच्या विश्वासातल्या कुणाकडे येऊन बसा.

तो कागद या शनिवार-रविवारी कर. त्यालाही वेगळा करायला सांग, एकमेकांचा न बघता. हे उत्तर त्याला वाचायला द्यायचं असेल तर खुशाल दे, पण त्याची यादी लिहून झाल्यावर. आधी वाचलं तर तो मला किंवा तुला बरं वाटेल असं लिहील.